सकाळची रेस

जिजाचं वर्षश्राद्ध रविवारी होतं आणि अंगणात व्हॅन उभी होती. व्हॅन हलवल्याशिवाय मांडव घालता येत नव्हता, आणि हलवायला कोणी तयार नव्हतं. ज्या गाडीने घरची बाई गेली तिच्या सीटवर बसायचं कोणी? जिजाच्या नवऱ्याने, शत्रुघ्नने, पुतण्याला, जितेशला, दोनदा सांगून पाहिलं. जितेश "हो काका" म्हणायचा आणि कामाला निघून जायचा. पिंडदानालाही जितेशच बसणार होता. पोटचा मुलगा असून पुतण्याला बसवतात, यावर गावात कुजबुज होती, पण शत्रुघ्नच्या तोंडावर कोणी बोलत नव्हतं.

शेवटी तो पापडीला प्लासिडच्या गॅरेजवर गेला. ही व्हॅन नवीन होती तेव्हापासून प्लासिडच तिचं बघायचा. त्याने हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

"सकाळी गॅरेज उघडायच्या आधी येतो," तो म्हणाला. "बॅटरी आणतो, पेट्रोल आणतो. तुझ्या भावाच्या वाडीत लावून देतो. पण विकायची गोष्ट काढू नको. केस चालू आहे."

"विकत नाय. डोळ्यांसमोरून जाऊ दे."

केस हरेशवर होती. हरेश म्हणजे शत्रुघ्नचा एकुलता एक मुलगा.

झालं होतं ते असं. जिजा आणि सून तेजस्वी पहाटे उठून जेवणाचे डबे तयार करायच्या, आणि हरेश ते व्हॅनमधून सातिवलीच्या कारखान्यांत पोचवायचा. घराचं लोखंडी फाटक बाहेरच्या बाजूला उघडतं. जिजा ते ढकलत पुढे चालायची आणि हरेश मागून गाडी काढायचा. रेसवर पाय ठेवायचाच नाही. पहिला गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा, की गाडी नुसत्या इंजिनच्या जोरावर, म्हातारा बैल चालतो तशी, तिच्या मागे निघायची. ही रोजची रीत होती. कधी गाडी जास्त जवळ आली तर जिजा मागे वळून बॉनेटवर थाप मारायची, "थांब रे मेल्या, सासूला भेटायची घाई आहे का?" आणि हरेश हसायचा.

त्या सकाळी क्लच सोडल्याबरोबर गाडीने उडी घेतली. फाटक, जिजा आणि रस्त्यापलीकडची दगडी भिंत. शत्रुघ्न तेव्हा मागल्या दारी तोंड धूत होता. त्याला आधी इंजिन सुरू व्हायची घरघर ऐकू आली, मग आवाज एकदम चढला, आणि मग दुसरा आवाज आला.

"मी पाय लावला नव्हता," हरेश त्या दिवशी सांगत होता, दुसऱ्या दिवशी सांगत होता, पोलिसांना सांगत होता. "सुरू करताना दोनदा दाबून सोडला, तेवढाच. रेस आधीच जास्त होती. वाटलं थंडीमुळे असेल. मी नुसता क्लच सोडला."

शत्रुघ्नने पोलिसांना जे ऐकलं ते सांगितलं. रेस मोठी होती. गाडीची तपासणी चौकीच्या आवारात झाली. तपासणारे साहेब दुपारी आले, गाडी सुरू केली, ब्रेक पाहिले, इंजिन ऐकलं आणि लिहिलं की गाडीत दोष नाही. प्लासिडनेही तिथे जाऊन पाहिली, तीही दुपारीच. त्यालाही काही सापडलं नाही. मग राहिला तो हरेशचा पाय.

चितेला अग्नी शत्रुघ्नने स्वतः दिला. हरेश पुढे आला तेव्हा सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "हात लावू नको तिला." दहाव्याला खाडीवर जितेशला बसवलं. तेराव्यानंतर हरेश तेजस्वीला घेऊन सातिवलीला भाड्याच्या खोलीत गेला, आणि बापलेक परत एकमेकांशी बोलले नाहीत.

प्लासिड उजाडायच्या सुमाराला आला. थंडी बरीच होती. खाडीवरचं धुकं शेतापर्यंत आलं होतं आणि प्लासिडने कानाला मफलर गुंडाळला होता.

"चहा टाकू?" शत्रुघ्नने विचारलं.

"तुझ्या हातचा? नको. अजून दोन गाड्या दुरुस्त करायच्यात, जिवंत राहायला पाहिजे."

वर्षभरात या अंगणात कोणी थट्टा केली नव्हती. शत्रुघ्नला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. त्याने ताडपत्री ओढून काढली. पुढचा पत्रा चेपलेलाच होता. तिथे पाहायचं नाही म्हणून तो मागच्या चाकाजवळ जाऊन उभा राहिला.

या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. प्लासिडने सीट उचलली, बॅटरी जोडली, कार्बोरेटर उघडून साफ केला, पेट्रोल ओतलं. मग आत बसून, जुन्या गाडीला सगळेच करतात तसा, पाय दोनदा दाबला आणि चावी फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं. मग लागलं ते एकदम चढलं.

शत्रुघ्न चाकापासून मागे सरला. तोच आवाज होता.

"पाय काढ!" तो ओरडला. "प्लासिड, पाय काढ!"

प्लासिडने दोन्ही पाय उचलून दाराबाहेर काढले आणि त्याला दाखवले. पायात सपाता होत्या. इंजिन तसंच ओरडत होतं.

मग प्लासिड उतरला आणि उघड्या इंजिनवर वाकला.

"थंड इंजिन थोडं जोरात चालतं," तो म्हणाला. "चोक असतो. तापलं की उतरतं."

"एवढं?"

"एवढं नाही."

त्याने चोक पाहिला. चोक मोकळा होता. हवेच्या नळ्या एकेक करून बोटांनी दाबून पाहिल्या, कुठे फाटून हवा ओढतेय का. नळ्या धड होत्या. मग स्क्रूड्रायव्हर घेतला. रेस किती ठेवायची त्याचा एक छोटा स्क्रू असतो. पाय काढला की कार्बोरेटरचा दांडा मागे येऊन त्या स्क्रूच्या टोकावर टेकतो आणि इंजिन शांत चालतं. प्लासिडने स्क्रू सैल केला. रेस उतरली नाही. अजून सैल केला. काहीच फरक नाही.

"टॉर्च धर," तो म्हणाला.

शत्रुघ्नने टॉर्च धरला.

"दिसतं का तुला? हा स्क्रू. हा दांडा. मध्ये फट आहे. दांडा स्क्रूला टेकतच नाही. मग स्क्रू फिरवून काय होणार? दांडा कोणीतरी धरून ठेवलाय."

"कोनी?"

प्लासिड आणखी खाली वाकला. एक बोट दांड्यावर ठेवून मागे ढकललं. दांडा जड गेला, पण गेला, आणि इंजिन एकदम शांत झालं. इतकं शांत, की शेजारच्या घरातली भांडी ऐकू आली. त्याने पुन्हा पेडलला एक धक्का दिला, सोडला. इंजिन चढलं आणि तिथेच राहिलं.

"केबल," प्लासिड म्हणाला. "पेडलपासून इथपर्यंत केबल येते. पाय दाबला की ओढली जाते, सोडला की स्प्रिंग तिला मागे नेतो. ही मागे जात नाही. आत अडकते."

"मंग तेव्हा का नाय सापडलं? तू बघितलीस. साहेबांनी बघितली."

"मलाही तेच कळत नाही." प्लासिड ओट्यावर येऊन बसला. "बंद करू नको. हात लावू नको. बसू आपण."

ते बसले. इंजिन अंगणात ओरडत राहिलं. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली आणि आवाज ओळखून तोंडावर पदर धरून आत गेली. धुकं हळूहळू उठलं, ऊन फाटकापर्यंत आलं, मग व्हॅनवर आलं. सीटखालून गरम हवा येऊ लागली. शत्रुघ्न गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याच्या मनात काही विचार नव्हता, फक्त तो आवाज होता.

मग आवाज उतरायला लागला. कोणी हात लावला नाही. आधी थोडा, मग आणखी थोडा, जसा तापलेल्या माणसाचा श्वास उतरतो तसा. शेवटी इंजिन रोज चालायचं तसं, संथ चालू लागलं.

प्लासिडने कपाळा-छातीवर क्रॉसची खूण केली.

"सकाळी अडकते, दुपारी सुटते," तो म्हणाला. "आम्ही सगळे दुपारी गेलो. सकाळी एकही जण गेला नाही."

त्याने इंजिन बंद केलं आणि केबल दोन्हीकडून सोडवली. वरच्या नळीतून आतली तार ओढून काढली. ऊन लागलेल्या भागातून तार ओली निघाली. पेडलकडचा भाग अजून सावलीत होता, तिथे तारेला पांढरट, घट्ट थर होता, साबणासारखा. प्लासिडने बोटावर घेतला, चोळला, नाकाला लावला आणि बोट शत्रुघ्नपुढे केलं.

वास खवट होता, पण ओळखू येत होता. खोबरेल.

"थंडीत बाटलीत गोठतं ते," प्लासिड म्हणाला. "आमच्या घरी बायको, फ्लॉसी, बाटली उन्हात ठेवते. केबलमध्येही गोठणारच. इंजिन तापलं, ऊन आलं, की पातळ. केबलला कोणी खोबरेल घालतं का रे? कोणी घातलं हे?"

शत्रुघ्नला विचारावं लागलं नाही. या घरात एकच माणूस सगळ्याला खोबरेल घालायचं. दाराची बिजागरी कुरकुरली, खोबरेल. विळी जड झाली, खोबरेल. शिवणयंत्र, फाटकाची कडी, सायकलची साखळी, नातवंडांचं डोकं असतं तर तेही. घरचे नारळ, घरचं तेल, मग बाजारातलं काळं तेल कशाला आणायचं, असं जिजाचं म्हणणं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती घरातलं सगळं लोखंड धुऊन पुसून त्याला तेल लावायची, तेव्हा कुठे पूजा. त्या दसऱ्याला हरेश म्हणाला होता की पेडल जड लागतं, प्लासिडकाकांना दाखवायला पाहिजे. त्यावर जिजा म्हणाली होती, "त्यात काय दाखवायचंय?" शत्रुघ्नला हे आज आठवत होतं. दसऱ्याला थंडी नव्हती. तेलाने काम केलं, पेडल हलकं झालं. थंडी नंतर आली.

"मी घातलं," तो म्हणाला.

प्लासिड त्याच्याकडे बघत राहिला. "तू?"

"मी."

"शत्रुघ्न, तुला बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही."

"या गाडीला बॉनेट नुसतं नावाला असतं. इंजिन सीटखाली असतं."

"ते तुला आज कळलं."

"मी घातलं, प्लासिड. वकिलाला तेच सांगीन. कोर्टात पन तेच सांगीन. तू एवढंच सांग, की केबल सकाळी अडकते, आनि आत खोबरेल निघालं. ते तर खरं हाय ना?"

"ते खरं आहे." प्लासिडने तार, नळी, सगळं एका पिशवीत घातलं आणि गाठ मारली. "मी पाहिलं तेवढंच सांगेन. तेल कोणी घातलं ते मी पाहिलेलं नाही. देवाने मला तेवढी सोय ठेवलीय."

शत्रुघ्न त्याच दिवशी सातिवलीला गेला. रिक्षात बसून तो वाटभर एकच गोष्ट घोळवत होता. हरेशला सांगायला हवं होतं की त्याचा पाय नव्हता. पण पाय नव्हता म्हटलं की तो पुढचं विचारणारच, की मग काय होतं. आणि पुढचं खरं सांगितलं, तर पोरगा उरलेल्या आयुष्यात आईचं नाव घेताना अडखळेल. आईनेच स्वतःच्या हाताने स्वतःचं मरण ओढवून घेतलं, हे कोणत्या पोराला गिळता येईल? बापाला शिव्या घालता येतात. बाप जिवंत आहे. शिव्या खायला कोणीतरी जिवंत लागतं.

गोडाऊनच्या मागे चाळीसारखी एक इमारत होती. हरेशची खोली वरच्या मजल्यावर होती. दार तेजस्वीने उघडलं. तिने आधी डोक्यावर पदर घेतला, मग बाजूला झाली.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, आणि आत वळून म्हणाली, "अहो, मामा आलेत."

हरेश जमिनीवर बसून जेवत होता. रात्रपाळी करून आला होता. डोळे लाल होते. केस कानाजवळ पांढरे झाले होते. त्याने ताट सरकवलं नाही, उठलाही नाही.

"श्राद्धाचं सांगायला आला असाल तर जितेशने सांगितलं," तो म्हणाला. "आम्ही येत नाही. टेन्शन घेऊ नका."

शत्रुघ्न उभाच राहिला. बस असं कोणी म्हटलं नाही.

"तुझा पाय नव्हता," तो म्हणाला.

हरेशचा घास हातातच राहिला.

शत्रुघ्नने सगळं सांगितलं. प्लासिड आला, गाडी सुरू केली, पाय बाहेर काढून दाखवले, स्क्रू, फट, ऊन आल्यावर उतरलेली रेस. हे सांगताना त्याला कुठे थांबायचं ते कळत नव्हतं, म्हणून तो काही गोष्टी दोनदा बोलला. हरेशने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. केबलमधल्या तेलापाशी आल्यावर मात्र त्याने मान वर केली.

"खोबरेल? केबलमध्ये कोणी घातलं?"

"मी. पेडल जड लागतं म्हनालास ना तू. दसऱ्याला घातलं."

तेजस्वी ओट्याजवळ पाण्याचा तांब्या भरत होती. तांब्या भरून पाणी वाहू लागलं तरी तिने नळ बंद केला नाही.

"तुम्ही," हरेश म्हणाला.

"हो."

"तुम्ही तेल घातलं. आणि वर्षभर मला..." त्याचा आवाज फाटला. त्याने ताटात हात धुतले, उठला, आणि बापाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. "मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो? काय सांगत होतो मी? पाय लावला नाही, पाय लावला नाही. कुत्रा पण ऐकतो हो माणसाचं. लोक पोलिसांसमोर पोरासाठी खोटं बोलतात. तुम्ही रेस मोठी होती म्हणालात!"

"मोठी होतीच."

"माहितेय मोठी होती! तुमच्यामुळे मोठी होती!"

पोरगा मारेल असं शत्रुघ्नला वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं. पण हरेश भिंतीकडे वळला आणि बराच वेळ तिथेच टेकून राहिला. त्याचे खांदे हलत होते. तेजस्वीने नळ बंद केला.

"वकिलाला मी सांगतो," शत्रुघ्न म्हणाला. "प्लासिड येईल. केबल ठेवलीय त्याच्याकडं, पिशवीत. केस सुटेल न सुटेल, आपल्याला काय म्हाईत. पन सांगू. आनि रविवारी तू बस. तुझा हक्क हाय."

"हक्क." हरेश वळला. डोळे कोरडे झाले होते. "चितेपाशी म्हणालात, हात लावू नको तिला. आठवतं? अख्ख्या गावासमोर."

"आठवतं."

"मी बसतो. आईचं मी करतो. जितेश नाही, मी. पण तुम्ही तिथे नको. मांडवात नको, घरात नको, खाडीवर नको. माझं करून होईपर्यंत तुम्ही तिथे दिसायचं नाही. मंजूर असेल तर येतो."

खाली गोडाऊनमध्ये कोणीतरी लोखंडी पाट्या टाकत होतं. तो आवाज थांबेपर्यंत शत्रुघ्न थांबला.

"मंजूर," तो म्हणाला.

जिन्यात दोन पायऱ्या उतरला असेल, तेव्हा मागून बांगड्यांचा आवाज आला. तेजस्वी दार लोटून बाहेर आली होती. ती हळू बोलत होती, पण शब्द स्पष्ट होते.

"मामा, तुम्ही नाही घातलंत. आईंनी घातलं. मला माहितेय. टॉर्च मी धरला होता."

शत्रुघ्न वळला नाही. एका हाताने त्याने जिन्याचा कठडा धरला.

"तू नव्हतीस," तो म्हणाला.

"होते, मामा. त्या वाकून थेंब थेंब सोडत होत्या आणि मी उजेड..."

"तू नव्हतीस तिथं. कोन नव्हतं. मी एकटा होतो."

ती रडू लागली. तोंडात पदर कोंबून, आत ऐकू जाऊ नये म्हणून. शत्रुघ्नला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण त्यासाठी दोन पायऱ्या वर जावं लागलं असतं, आणि वर गेलो तर आपण खरं बोलू अशी त्याला भीती वाटली.

"आता ऐक," तो म्हणाला. "पिंडाला तांदूळ माळ्यावरच्या लहान डब्यात हाय, आपल्याच शेताचा. मोठ्या डब्यातला घेऊ नको, त्याला कीड लागलीय. वड्यांचं पीठ जाडसर दळून आन, बारीक तिला आवडायचं नाय. भटजी आठला येतात. हरेशला सोवळं बाहेर काढून ठेव, तो कपाट शोधत बसंल. चावी शेजारी ठेवून जातो."

"आणि तुम्ही? त्या दिवशी कुठे जाल?"

"चिंचोटीपर्यंत जाईन. नायतर प्लासिडकडं बसीन. जेवन देईल कोनतरी."

आतून हरेशने तिला हाक मारली. शत्रुघ्नने हातानेच तिला जा म्हटलं, आणि ती आत जाऊन दार लागल्याचा आवाज आल्यावर तो कठडा धरून एकेक पायरी खाली उतरला.